रकान्यातलं ‘नाही’

सिस्टर, तुमच्या हाताखालून निघालेल्या माणसानं गेल्या मंगळवारी एका अडलेल्या बाईचा जीव जवळजवळ घेतला. तो माणूस मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोल गोल बोलणं तुम्हाला चालत नसे, आणि मी तपशिलात शिरलो की लवकर बाहेर येत नाही.

कंधारचा तो दहा खाटांचा दवाखाना आठवतो. मी केसपेपरच्या खिडकीवर, तुम्ही वॉर्डात. बारावी नापास, पण अक्षर छापल्यासारखं, आणि त्याचाच मला माज. तुमच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वहीत छापील रकान्यांच्या पुढं तुम्ही पट्टीनं दोन रकाने आखलेले होते. एक माहेरच्या नावागावाचा, दुसरा ‘कोणतं औषध सोसत नाही’ याचा. एके दिवशी त्या दुसऱ्या रकान्यात मला सात जागा रिकाम्या दिसल्या. रिकामी जागा मला बघवत नाही, आजही नाही. मी सातही ठिकाणी सुबक अक्षरात ‘नाही’ लिहून टाकलं. तुम्ही वही उघडली, चष्मा कपाळावर सारला. ‘हे कुणाला इचारून लिवलं?’ मी म्हणालो, ‘रिकामंच होतं, सिस्टर. म्हणजे नाहीच ना.’ तुम्ही म्हणालात, ‘रिकामं हाय म्हणजे मी अजून इचारलं न्हाई. ती बाई न्हाई म्हणली, असं कुठं हाय त्यात?’ आणि वही माझ्या छातीवर टेकवलीत. ‘जा, सातीजणींना इचारून ये. माहेर बी इचार. लाजतो काय असा, सोयरीक जमवून राहिला का?’ मी एकेका खाटेपाशी उभा राहतोय, कान तापलेत, बाया तोंडाला पदर लावून हसतायत. सातवी बाई मात्र हसली नाही. मागच्या साली तापाच्या सुईनं डोळे मिटेपर्यंत तोंड सुजलं होतं, म्हणाली. मी येऊन सांगितलं, माझ्या हातानं तिच्यापुढचं ‘नाही’ खोडलं. तुम्ही ते खोडलेलं बघितलंत आणि पुढच्या खाटेकडं वळलात. मला तेच जास्त लागलं. कितीतरी दिवस मी एवढंच धरून बसलो, की बायांसमोर माझा पाणउतारा झाला.

पुढं मी नांदेडला आलो. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, हे मी आजही चारचौघांत सांगतो. दुसऱ्यांनी टाकलेली इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, एकेक पान तीनतीनदा. आज इथला एक मोठा दवाखाना आणि त्याची लातूरची शाखा, दोन्हीकडचा सगळा रेकॉर्ड मी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतो. नर्सिंगच्या मुलींपुढं मला बोलायला बोलावतात. आरोग्य माहितीशास्त्र म्हणजे काय, असा प्रश्न मीच विचारतो आणि मीच फळ्यावर उत्तर लिहितो: रुग्णाची खरी माहिती, उपचार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढं, त्यानं हात उचलायच्या आधी. कॉम्प्युटर हे त्यातलं नुसतं कपाट, असंही वर सांगतो. व्याख्या माझी स्वतःची आहे. मुली उतरवून घेतात. पण याच माणसानं प्रोग्राम लिहिताना तुमचा माहेरचा रकाना गाळला. आधार आहे, मोबाईल नंबर आहे, माहेर कशाला? आणि औषधाचा रकाना कुणी रिकामा सोडला की फॉर्म पुढं सरकत नसे, काउंटरवर रांग तुंबायची, लोक आरडाओरडा करायचे. म्हणून मी एक ओळ लिहिली: रिकामं असेल तर ‘नाही’ धरावं. एका ओळीत रांग मोकळी झाली. त्या ओळीवर मी खूश होतो, सिस्टर. तुमचा तो दिवस मला तेव्हा आठवलासुद्धा नाही.

मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. अर्धापूरजवळच्या गावातून एका बाईला आणलंय, दुसरं बाळंतपण. पोटातल्या बाळाचे ठोके खाली यायला लागलेत, ताबडतोब सिझर करायचं ठरलंय. मी थिएटरबाहेरच्या टेबलावर स्क्रीनची सैल झालेली वायर बसवतोय. गडबडीत आधार कार्ड घरी राहिलेलं, मोबाईल नंबर दिराचा दिलेला, आणि नाव लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं. प्रोग्रामनं तिला नवीन पेशंट ठरवलं. तेवढ्यात हातात पिशवी घेतलेली एक म्हातारी टेबलाशी आली. बाईची आई, बाळंतपणासाठी औशाकडून आलेली. म्हणाली, ‘साहेब, लेकीला ती आपरेशनच्या आधीची सुई देऊ नका. लातूरला पयल्या येळंला लई तरास झाला.’ टेबलावरच्या नर्सनं माझ्याकडं बघितलं. मी स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणालो, ‘मावशी, इथं तर “नाही” असं लिहिलंय.’

‘कुणी लिवलं?’

‘कॉम्प्युटरमध्ये आहे.’

‘तुमचा कॉम्प्युटर बाळंत झाला होता का तिच्यासंगं?’

नर्स हसली. मी हसणार होतो, तोच ते ‘कुणी लिवलं’ मला पुन्हा ऐकू आलं. मी लिहिलं होतं. मी म्हणालो, ‘माहेरचं नाव सांगा तिचं.’ म्हातारीनं सांगितलं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालेलं, लातूरच्या आमच्याच शाखेत, तिथं नोंद माहेरच्या नावानं. मी ते टाईप करतोय, दोन्हीकडच्या नोंदींत शोधतोय. नोंद उघडली. लाल अक्षरात त्याच अँटिबायोटिकचं नाव, जे पाच मिनिटांपूर्वी टेबलावरून थिएटरात गेलं होतं.

मी चपलांसकट थिएटरच्या दारावर गेलो, काच बडवली, ‘थांबा’ म्हणून ओरडलो. आतल्या नर्सनं सुई बाहेर घेतली. पाव भाग गेला होता. दोन मिनिटांत बाईचे ओठ सुजायला लागले, अंगावर लाल चट्टे, ब्लडप्रेशर खाली. डॉक्टर दाराकडं न बघता ओरडले, ‘मागच्या वेळी काय दिल्यावर उतरलं? वाच!’ मी दारात उभा राहून लातूरची नोंद वाचतोय, औषध, प्रमाण, किती मिनिटांनी उतार पडला. मागं म्हातारी भिंतीला टेकून खाली बसलीय. अकरा बावन्नला मुलगी रडली. आईचं ब्लडप्रेशर जागेवर यायला त्यानंतर आणखी सव्वीस मिनिटं लागली. ती मी घड्याळात मोजली.

दोघी वाचल्या. नोंदीनं वाचवलं आणि नोंदीनंच मारलं असतं, दोन्ही नोंदी माझ्याच प्रोग्रामातल्या. दुपारी काउंटरवरच्या मुलीला दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. ‘तू ॲलर्जी विचारली नाहीस, वर “नाही” भरलंस?’ ती रडत म्हणाली, ‘सर, विचारायचं राहिलं, पण ते “नाही” मी नाही भरलं.’ मी त्याच खोलीत उभा होतो. तिची नोकरी माझ्या तोंडाशी अडकलेली, आणि मी खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपत राहिलो. बुधवारी सकाळी मी लेखी दिलं: हे ‘नाही’ प्रोग्राम भरतो, आणि ती ओळ माझी आहे. मुलगी कामावर आहे. ओळ काढली. आता रिकाम्या जागी ‘विचारलं नाही’ असं लाल रंगात येतं, आणि पहिल्याच पानावर माहेरचं नावगाव. काउंटरवर रांग लागते. लागू दे.

निवृत्त होताना तुम्ही ती लाल वही मला दिली होती. कुणी विचारलं तर मी सांगायचो, घरी जपून ठेवलीय. खरं म्हणजे ती माझ्या टेबलावर होती, मॉनिटरखाली, उंचीसाठी. काल काढली. स्क्रीन चार बोटं खाली आला, आता मान वाकवावी लागते. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता आता नाही, म्हणून त्याच वहीत ठेवतोय.

अजून एक राहिलं. शनिवारी म्हातारी अर्धापुरी केळ्यांची फणी घेऊन आली. माझे हात धरून म्हणाली, ‘तुमी होते म्हणून लेक वाचली, दादा.’ साहेबांना जे लेखी दिलं, ते तिला मला सांगता आलं नाही. मी केळी घेतली, सिस्टर. दोन तिच्यासमोरच खाल्ली.