पगार भागिले कर्ज

२ जून, संध्याकाळ
कन्येचा बारावीचा निकाल लागला. बहात्तर टक्के. तिला नर्स व्हायचंय हे ती नववीपासून सांगतेय, त्यामुळे काय करायचं हा प्रश्न मिटला. कुठून करायचं हा उरला, आणि तो माझा प्रांत. टाइल्सच्या गोडाऊनमध्ये सव्वीस वर्षं स्टॉक सांभाळलाय. एक पेटी इकडची तिकडे झालेली नाही. (त्या चौदा पेट्यांचं प्रकरण वेगळं. त्यात ड्रायव्हर होता.)
संकल्प: भावनेला थारा नाही. फक्त आकडे.

५ जून
पर्याय दोन. एक, सरकारी इस्पितळाचं नर्सिंग स्कूल: तीन वर्षांचा डिप्लोमा, फी नावापुरती, हॉस्टेल फुकट. दुसरा, बायपासवरचं खासगी कॉलेज: चार वर्षांची डिग्री, साडेनऊ लाख, बहुतेक सगळं कर्ज काढून. कन्येला सरकारीच हवंय. सौ.लाही. दोघी नुसती फी बघतात. पगार कोण बघणार? खासगीच्या माहितीपत्रकात सरासरी पगार पासष्ट हजार छापलाय. सरकारीवाल्यांनी काहीच छापलेलं नाही, म्हणजे सांगण्यासारखं नसणार.
ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तक्ता केला. पासष्ट हजार गुणिले बारा गुणिले पस्तीस वर्षं, वजा कर्ज. अडीच कोटींच्या वर गेलं. उठून पाणी प्यालो.

८ जून
कन्येने विचारलं, व्याज धरलंय का. धरलं नव्हतं. धरलंय म्हणालो. उद्या धरेन.

९ जून
व्याज धरलं. मग न्याय म्हणून पगारवाढही धरली, दरवर्षी दहा टक्के. मला स्वतःला अकरा वर्षांत दोनदा मिळाली, पण मी नर्स नाही. आकडा उलट वाढला.

१३ जून
कन्या परस्पर सरकारी इस्पितळात जाऊन आली. वॉर्डातल्या दोन सिस्टरना भेटली. एक डिप्लोमावाली, दुसरी त्याच बायपासच्या कॉलेजची डिग्रीवाली. दोघी एकाच ड्यूटीवर, पगारात फरक दीड हजाराचा. डिग्रीवालीचा निम्मा पगार हप्त्यात जातो. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले म्हणे. मी शांतपणे समजावलं की दोन माणसं म्हणजे सर्व्हे नव्हे. सौ. म्हणाली, तुम्ही तर एकालाही विचारलं नाहीत.
संकल्प: तिरकस बोलण्याला उत्तर द्यायचं नाही.

१६ जून
खासगी कॉलेजात जाऊन आलो. एकटाच. घरची माणसं बरोबर असली की घासाघीस नीट होत नाही. काउन्सेलर बाई फार समजूतदार. दर वाक्याला सर. प्लेसमेंट शंभर टक्के, कारण सगळ्यांना कॉलेजचंच हॉस्पिटल घेतं. तिथला पगार विचारला तर म्हणाल्या, अनुभव मोठा मिळतो. पासष्ट हजारांच्या डोक्यावर एक बारीक चांदणी आहे, तिच्याबद्दलही विचारलं. परदेशी गेलेल्यांची सरासरी आहे म्हणाल्या. किती जणी गेल्या हे विचारणार होतो, तेवढ्यात कॉफी आली.
सीट राखायला पैसे अजिबात नकोत, फक्त कन्येची ओरिजिनल मार्कशीट आणि शाळेचा दाखला ठेवा म्हणाल्या. फाइल बरोबर होतीच. ठेवले. एका फॉर्मवर सही केली. फुकटात सीट राखून आलो. याला म्हणतात व्यवहार. घरी इतक्यात बोलणार नाही.

२० जून, दुपार
बँक. अधिकारी कन्येहून फार तर पाच वर्षांनी मोठा असेल. माहितीपत्रक बघायलाही तयार नाही. त्यांच्याकडे स्वतःची यादी असते म्हणे, त्यात नव्या नर्सचा पगार बावीस हजार. चार लाखांच्या वर कर्ज हवं तर घराचे कागद लागतील. घर भाड्याचं. मी त्याला सांगितलं की शास्त्रशुद्ध हिशेब केला तर भाड्याचं घरच फायद्याचं पडतं. तो म्हणाला, असेल.
संकल्प: दुसरी बँक.

२६ जून
सरकारी स्कूलची यादी लागली. कन्येचं नाव आहे. तिने जिन्यातूनच आईला हाक मारली, आणि सौ. ओल्या हातांनीच तिच्या गळ्यात पडली. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं ऐकलं. तीस तारखेला पाचच्या आत ओरिजिनल कागद घेऊन हजर व्हायचंय, नाहीतर सीट पुढच्या मुलीला.
मीही हसलो. ओरिजिनल कागद बायपासवरच्या कॉलेजात आहेत.

२७ जून
काउन्सेलर बाईंना फोन केला. आज सर म्हणाल्या नाहीत. सीट रद्द करायची तर पहिल्या वर्षाच्या फीचे पंचवीस टक्के भरा आणि कागद न्या. म्हणजे साठ हजार. फॉर्मच्या मागे लिहिलंय म्हणे. सही पुढच्या बाजूला होती, मागे कशाला बघेन मी? खात्यात अकरा हजार आहेत.

२८ जून
गोडाऊनच्या शेठजींकडे अ‍ॅडव्हान्स मागितला. वीस दिले, वर भाषण दिलं. दुसऱ्या बँकेने फाइल ठेवून घेतली आणि प्रोसेसिंगचे आठ कापले. त्यात काय चुकलं? फाइल तर आत गेली.
संकल्प: आज घरी सांगायचं. पण गेलो तर सौ. हॉस्टेलसाठी चादरीला कड शिवत बसली होती. नाही सांगितलं.

३० जून, संध्याकाळ
तोडगा काढला होता. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, प्रत्येकीवर साक्षांकित शिक्का. कन्येला म्हटलं, फाइल माझ्याकडे राहू दे, तू लायनीत उभी राहा. खिडकीवरच्या क्लार्कने झेरॉक्स परत सरकवल्या आणि ओरिजिनल मागितले. मी म्हणालो, साहेब, तत्त्वतः फरक काय आहे? तो म्हणाला, पुढचे या.
कन्येने विचारलं, कागद कुठे आहेत बाबा. तिथेच सांगावं लागलं, सगळ्यांसमोर. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाजूला होऊन ती भिंतीशी उभी राहिली आणि खिडकी बंद होईपर्यंत हलली नाही. पाचला आतून फळी पडली.
परत येताना ती पुढे चालत होती. मी चाल वाढवली की तीही वाढवायची.

४ जुलै
सौ. बोलत नाही. ताट वेळेवर येतं. दुसऱ्या बँकेचा नकार आला, आठ हजार परत येत नाहीत. म्हणजे खासगीही गेलं. काउन्सेलर बाई म्हणतात, आता सीट सोडा नाहीतर घ्या, साठ हजार भरल्याशिवाय कागद मिळायचे नाहीत. कागदांशिवाय पुढच्या वर्षीही कुठेच अर्ज करता येत नाही. हे मला कन्येनेच समजावलं, दुकानदाराशी बोलावं तशा आवाजात.

१ ऑगस्ट
कन्या नाक्यावरच्या खासगी हॉस्पिटलात लागली. मावशी म्हणून. पेशंटना बेडपॅन द्यायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, चादरी बदलायच्या, फरशी पुसायची. बारा तास. नऊ हजार. शिक्षण लागत नाही.
सहज म्हणून तक्त्यात टाकलं. कर्ज शून्य. पगार भागिले कर्ज केलं तर कॉम्प्युटर एरर दाखवतो, म्हणजे परतावा मोजण्यापलीकडे आहे. जेवताना तसं म्हणालो. धीर द्यायला म्हणालो होतो. कन्या ताटावरून उठली. सौ. एवढंच म्हणाली, आता गप्प बसा.
संकल्प: गप्प बसायचं.

११ फेब्रुवारी
कागद सुटले. अर्ध्याच्या वर पैसे कन्येच्या पगारातले, बाकी सौ.च्या शिवणातले. मी अ‍ॅडव्हान्समधले उरलेले बारा द्यायला निघालो होतो, पण शेठजींनी अ‍ॅडव्हान्स पगारातून वळता केला तेव्हाच ते घरखर्चात गेले होते. कन्या एकटी जाऊन मार्कशीट घेऊन आली आणि दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा वाचत बसली. तिची बोटं फिनाइलने सोलली आहेत. वाईट वाटलं. खरंच वाटलं. इथे लिहितोय, कारण घरात हे कोणाला सांगायची सोय राहिलेली नाही.

६ जून, सकाळ
सरकारी स्कूलचे फॉर्म सुटल्याचं काल पेपरात वाचलं. ऑफिसात जाऊन लगेच तक्ता उघडला, साल बदललं, या वेळी पगार बावीस हजारच धरला. मीही शिकतो. प्रिंट काढून आणली आणि आज चहाबरोबर कन्येसमोर ठेवली. म्हणाली, फॉर्म परवाच भरला. पालकाच्या रकान्यात आईचं नाव, आईची सही.
मी विचारलं, मी घरातच होतो, माझी का नाही घेतलीस. ड्यूटीची वेळ झाली होती, ती बूट घालत होती. रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली की घेतली असती बाबा, पण तुम्ही आधी विचार केला असता.
खरं आहे. केला असता.