लोक का हसले

२ फेब्रुवारी १९७६, कडेगाव
वगाची वही साताऱ्याच्या सेन्सॉर कचेरीतून परत. पान चारवर मी नेहमीसारखं लिहिलं होतं, ‘इथे सोंगाड्या बतावणी करतो.’ बारा वर्षं वग लिहितोय, बारा वर्षं हेच वाक्य. साहेबांनी लाल शाईनं विचारलंय, ‘बतावणी करतो म्हणजे काय बोलतो? पूर्ण लिहावे.’ काय सांगायचं ह्यांना! समोरचं गाव बघून तोंडाला येईल ते बोलतो. बतावणी कधी कुणी लिहिली आहे का?
पण आणीबाणी आहे. शिक्क्याशिवाय लोणंदचा खेळ नाही, फलटणची जत्रा नाही.

५ फेब्रु.
दादा चुलतभाऊ म्हणून तरी ऐकेल वाटलं. फडात सोंगाड्या झाल्यापासून तो कुणाचंच ऐकत नाही. म्हटलं, बोल, मी उतरून घेतो. तासभर नुसता विड्या ओढत बसला.
“आरं, म्होरं मानसं न्हाईत तर बोलू कुनाला? तुला? तू तर हसत बी न्हाईस.”
खरं आहे. मास्तरकी लागल्यापासून हसणं सुटलंय. शेवटी बतावणी मीच लिहिली. कागद साहेबांपुढं जायचा म्हणून शुद्ध भाषेत, सगळं गोड गोड. सौ.ला वाचून दाखवली. म्हणाली, “कीर्तन हाय का?” राग आला. जेवलो नाही नीट.

११ फेब्रु., सातारा
शिक्का मिळाला. वर हमीपत्रावर सही घेतली: लिहिल्याबाहेर सोंगाड्या एक शब्द बोलला तरी जबाबदारी लेखकाची. साहेब हसून म्हणाले, “शाळामास्तर आहात ना? मग आम्हाला काळजी नाही.” म्हणजे माझी नोकरी ह्यांच्या मुठीत. आणि दादाला तर नेतीलच. जूनमध्ये नेलेले आमच्या ओळखीतले दोघं अजून आत आहेत.
एसटीत सगळी वाट स्वतःला शिव्या घातल्या. सही करायलाच नको होती. नाही तरी काय केलं असतं?

१४ फेब्रु.
दादाला वाचून दाखवत पाठ करायला बसवलं. शपथ घातली. “शबुद बी वाढवनार न्हाई गड्या. तुजी नोकरी हाय, कळतं मला.” निमूट पाठ केलं. त्याचं ते निमूट बसणं बघवेना.

२१ फेब्रु., लोणंद
कालचा खेळ. पहिल्या रांगेत कचेरीचा माणूस, मांडीवर वही, ओळीवर बोट. माझं वाक्य, ‘पाटील, आपल्या गावात सारे कसे छान चालले आहे.’
दादा “पाटील, आपल्या गावात सारे कसे” इथपर्यंत आला आणि थांबला. कचेरीच्या माणसाकडं बघितलं. त्याच्या बोटाकडं बघितलं. मग पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर जपून, “छान. चालले. आ... हे.”
जन्मात ‘हाय’शिवाय न बोललेला माणूस! अख्खा तंबू फुटला. माणसं मांड्या बडवत होती. बोट तिथंच, शब्द बरोब्बर. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईतो हसलो, आणि ते दादानं वरून बघितलं.
बारा वर्षांत माझ्या वाक्याला असं कुणी हसलं नव्हतं.

२४ फेब्रु.
शाळेत नोटीस. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर हातात दिली. ‘लिहिल्याबाहेर शब्द उच्चारला नाही, हे मान्य. तथापि प्रेक्षक कोणत्या कारणाने हसले, याचा लेखी खुलासा करावा. आपण स्वतः हसलात काय, तेही नमूद करावे.’ २७ला सकाळी अकरापर्यंत. तोवर फलटणची परवानगी रोखली.

२६ फेब्रु.
तीन कागद फाडले. ‘आहे’ला हसले असं लिहावं, तर विचारतील ‘आहे’त हसण्यासारखं काय? ते सांगायचं म्हणजे गावात छान काय चाललंय तेच सांगायचं. मग दादा आत. ‘माहीत नाही’ म्हणावं, तर लेखकालाच माहीत नाही कसं? इकडे आड तिकडे विहीर. भीती वाटते. खोटं कशाला लिहू इथं.
मी हसलो नाही, एवढं तरी लिहावं. तेवढ्यानं निदान नोकरी...
संध्याकाळी दादा आला. कोऱ्या कागदाकडं बघत बसला. वाचता येत नाही, पण कोरं कळतं.
“लिव की, न्हाई हसलो म्हनून. मी काय वाईट वाटून घ्यायचा न्हाई.”
चहा पिऊन उठला. वहाणा घालताना पाठमोराच म्हणाला,
“पर हसलास की रं.”