खडूची त्रेचाळीस वर्तुळं

४ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा भावजयबाईंनीच उचलला आणि तू बागेत आहेस म्हणून सांगितलं. एवढी कसली बाग फुलवतो आहेस, ते एकदा येऊन बघायलाच हवं.

माझी बातमी अशी, की मी इंजिनाच्या शेडमध्ये जाऊ लागले आहे. हसू नकोस. बाबा ज्या वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकायचे, तेच हे. आम्ही अकरा जण हौसेने ते दुरुस्त करतो आहोत. पगार कोणालाच नाही, काळे हात मात्र सगळ्यांना. निवृत्त ड्रायव्हर आमचे पुढारी, त्यांना मास्तर म्हणतो. एक दातांचे डॉक्टर आहेत. इंजिनाला आम्ही आत्याबाई म्हणतो, कारण सगळ्यांना कामाला लावून स्वतः जागची हलत नाही.

आठ फेब्रुवारीला बॉयलर निरीक्षक येणार. त्यांनी पास केलं तर आत्याबाई पुन्हा रुळावर धावेल. नाही केलं, तर नगरपालिका तिला बागेत नेऊन चौथऱ्यावर उभी करणार. भोवती कुंपण, शेजारी घसरगुंडी. ते चित्र डोळ्यांसमोर आलं की घास उतरत नाही रे.

अडलंय ते स्टेपाशी. मास्तरांनी मला समजावलं ते असं: भट्टीचा पत्रा आणि बॉयलरचा बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये पाणी असतं, आणि त्या दोन पत्र्यांना धरून ठेवणारे सहाशे दांडे म्हणजे स्टे. कुठला तुटलाय ते दिसत नाही, हातोडीने वाजवून पाहावं लागतं. तू तीस वर्षं कारखान्यात हेच केलंस. आमच्यात कोणाला येत नाही. दोन दिवस ये.

लोभ आहेच, पत्रांच्या बाबतीत तो जरा वाढव.

तुझी
ताई

१० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. येणं जमणार नाही, गुडघे दुखतात. पासष्टाव्या वर्षी भट्टीत शिरायचं सुचतं, ते तुलाच.

मी नसलो म्हणून अडणार नाही. हलकी हातोडी घे. वरच्या ओळीपासून सुरुवात कर, एकही स्टे गाळू नकोस. चांगला स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला भद्द वाजतो. भद्द वाजला की खडूने वर्तुळ काढ. घाई करू नकोस. डोक्याला फडकं बांध, नाहीतर आठवडाभर केसांतून काजळी निघेल.

आशीर्वाद असू द्यावेत, रागावणं नंतर.

तुझा
धाकटा

१७ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. काय लिहू, समजत नाही.

मी आत शिरले. भट्टीच्या तोंडात निम्मी गेले आणि अडकले, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी पाय धरून ढकललं आणि म्हणाले, की एवढा मोठा जबडा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तीन दिवस वाजवत होते. शाळेत सिस्टर आम्हाला पियानोकडे पाठ करून उभं करायच्या आणि सूर ओळखायला लावायच्या. त्या कानाचा केवढा अभिमान होता मला! आता वाटतं, नसता तर बरं झालं असतं.

त्रेचाळीस वर्तुळं झाली. वर दोन, बाकी सगळी खालच्या दोन ओळींत. मास्तरांनी बॅटरीचा झोत टाकून ती मोजली, टोपी काढली आणि बाहेर जाऊन बसले. नंतर म्हणाले, की एवढे तुटले असतील तर भट्टीच गेली. मागच्याच आठवड्यात त्यांनी गळती बघायला बॉयलरमध्ये पाणी सोडलं होतं. टाकी संपल्यामुळे ते थोडंच चढलं, पण थेंबही गळला नाही, म्हणून आम्ही खुशीत दोन-दोन कप चहा प्यालो होतो.

आता निरीक्षकांना येऊ नका म्हणून कळवायचं ठरतंय. पत्र मलाच लिहायला सांगितलंय, अक्षर चांगलं म्हणून. मी चोवीस तारखेपर्यंत मुदत मागून घेतली आहे. पुन्हा फोन केला. तू पुन्हा बागेत. खरं सांग, माझ्यावर रागावला आहेस का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. ते पत्र लिहू नकोस. लिहिलं असशील तर फाड.

पाणी काढलं होतंत का? नाही ना? खालच्या ओळी पाण्यात बुडाल्या होत्या. मागे पाणी असलं की चांगला स्टेसुद्धा भद्द वाजतो. चूक माझी. कारखान्यात बॉयलर आमच्यापुढे यायचा तो रिकामाच. पाणी काढा, असं सांगायची वेळ तीस वर्षांत आली नाही, म्हणून लिहायचंही सुचलं नाही. आधी सगळं पाणी सोडून द्या, एक दिवस सुकू द्या, मग पुन्हा वाजव.

आता दुसरं. मी रागावलेलो नाही आणि आमच्याकडे बागही नाही, दोन कुंड्या आहेत. ताई, मला ऐकू येत नाही. डावा कान पार गेला, उजवा जाण्याच्या वाटेवर आहे. फोनवर नुसती घरघर येते. नोकरीची शेवटची चार वर्षं मी कानाने नाही, मनगटाने काम केलं. कोणाला सांगितलं नाही. कानावर पोट असलेल्या माणसाने ते कसं सांगावं?

तीच युक्ती तुला देतो. हातोडी सैल धर. चांगला स्टे तिला उसळी मारून परत पाठवतो. तुटलेला तिला गिळतो, मनगटाला काहीच परत मिळत नाही. कानांत कापूस घाल आणि तसं एकदा सगळं फिरून बघ. मग कापूस काढून. दोन्हींचं जुळलं नाही, तर मनगटाचं खरं मान.

खोटं बोललो, क्षमा असावी.

तुझा
धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक, अनेक आशीर्वाद.

पाणी काढलं, सुकू दिलं, कापूस घातला. त्रेचाळीसपैकी अडतीस वर्तुळं मी स्वतःच्या हाताने पुसली. मास्तर बाहेरून एकेक मोजत होते आणि विसाव्यानंतर त्यांचा आकडा चुकायला लागला, कारण ते रडत होते. पाच तुटके निघाले, ते त्यांनी आणि डॉक्टरांनी दहा दिवसांत बदलले.

आठ तारखेला निरीक्षक आले. कमी बोलणारे गृहस्थ. स्वतःची हातोडी घेऊन आत गेले आणि सहावा शोधून काढला! डाव्या कोपऱ्यातला. तिथे माझं मनगट तुटलाय म्हणालं होतं आणि कान चांगला आहे म्हणाला होता. मी कानाचं ऐकलं. सिस्टरांची लाडकी ना मी! सही न करता ते निघून गेले, तेव्हा कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. त्याचंच जास्त लागलं. दोन दिवस सगळे त्या एका स्टेला भिडले. काल ते परत आले, वाजवला, आणि सही केली. आत्याबाई पास झाली रे! पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी धावणार.

जाताना त्यांनी विचारलं, की हे काम कोणाकडून शिकलात. मी सांगितलं, धाकट्या भावाकडून, आणि पत्राने. त्यांचा विश्वास बसला नाही.

सहा वर्षं तू फोनवर येत नाहीस म्हणून मी तुला टोमणे मारले. तू सांगितलं नाहीस, हे खरं. पण मीही कधी विचारलं नाही. शेडमध्ये आणखी एक इंजिन आहे, सातशे स्टेचं. मास्तर म्हणतात, शिकवायला माणूस हवा. तुला ऐकू येत नाही, हे मी सगळ्यांना सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, की बरंच झालं, त्यांचे विनोद तरी ऐकावे लागणार नाहीत. जे काही विचारायचं ते आम्ही खडूने पत्र्यावर लिहू.

वाट पाहते, यापेक्षा जास्त लोभ लिहिता येत नाही.

तुझी
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मंगळवारी सकाळच्या गाडीने येतो. माझी हातोडी बरोबर आणतो. तुमच्यातल्या कोणालाही हात लावू देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

स्टेशनवर हाका मारत धावू नकोस, ऐकू येणार नाहीत. समोर येऊन उभी राहा.

तुझा
धाकटा