ऐकणाऱ्याने निरोप पोचवावा

प्रिय बाबा,

झालं ते असं:

१. चौदा ऑक्टोबरला दुपारी रेडिओ सांता बार्बाराच्या मनोऱ्यावर वीज पडली.
२. मीडियम वेव्हचा जुना प्रक्षेपक जळाला. तो दुरुस्त होणार नाही.
३. चर्चच्या धर्मप्रांताने एफएमचा छोटा प्रक्षेपक दिला. तो मी बसवला. चालू आहे.
४. एफएमला डोंगर ओलांडता येत नाही. तुमच्या बाजूच्या तिन्ही खोऱ्यांत आता आमचा आवाज पोचत नाही.

कोणाला इजा झाली नाही. फादर फर्मिन म्हणाले, "विजेपासून राखणाऱ्या संत बार्बारा बाईंच्याच डोक्यावर वीज! आता तक्रार करायची कुणाकडे?" त्यांचं हे असंच असतं.

तुमचा ट्रान्झिस्टर आई वारल्यापासून लोकरीच्या पोत्यात आहे, हे मला माहीत आहे. आई शहरातल्या इस्पितळात वारली, तेव्हा खोऱ्यात फोन नव्हता आणि ट्रक आणखी चार दिवसांनी होता. मी रेडिओवरच्या निरोपांच्या तासात बातमी दिली. तुम्ही शेतात होता. लोक टोप्या हातात घेऊन चढण चढून आले आणि तुम्हाला कळलं. अख्ख्या खोऱ्याला तुमच्या आधी कळलं, हा तुमचा राग. तो असू द्या. पण तीच माणसं नंतर नऊ दिवस तुमच्या अंगणातून हलली नाहीत. मी रेडिओवर सांगितलं नसतं, तर हे तुम्ही ट्रकवाल्याकडून, रस्त्यावर एकट्याने ऐकलं असतं. वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

तेव्हापासून दर शनिवारी माझा निरोप वाचला जातो: हिलारिया बरी आहे, ऐकणाऱ्याने निकानोर चोके यांना सांगावं. सातुर्निना मावशी ते सांगायला तुमच्याकडे चढून येते. काल ती ट्रकने थेट रेडिओ स्टेशनवर आली. कोंबडी काखेत, आवाज टिपेला. "अगं, मेलीस की काय? दोन शनिवार रेडिओ नुसता खरखरतोय. म्हातारा दारातच उभा! मला म्हणतो, 'आज काही सांगायचं नाही का?' आणि इतकी वर्षं काय म्हणायचा? 'मी विचारलं होतं का?' माझे गुडघे गेले त्या चढणीवर, आणि वर हे ऐकायचं!" कोंबडी तिने फादरांना दिली. ते अजून तिला कापायला धजलेले नाहीत.

तुम्ही हे पत्र स्वतः वाचताय. अक्षरं तुम्ही याच रेडिओवरून चालणाऱ्या शाळेत, मला मांडीवर घेऊन शिकलात. ते मी विसरलेले नाही.

आता कामाचं. मी सगळे डोंगर मोजले. तिन्ही खोरी दिसतात अशी जागा एकच आहे, तुमच्या बटाट्याच्या शेतावरचा कोपरा, आईने डोंगराच्या पूजेसाठी दगड रचले तिथला. दगड हलणार नाहीत. शेजारी आमचा आवाज पुढे पाठवणाऱ्या छोट्या संचाचा एक खांब, एक सौर पॅनेल, लामा जनावरं आत शिरू नयेत म्हणून कुंपण. किल्ली तुमच्याकडे राहील. डोंगराची परवानगी घ्यायची असेल तर त्याला वाहायला कोकाची पानं मी आणीन. फादरांची हरकत नाही. जागा मिळाली नाही, तर ती खोरी सोडून द्यायची असं धर्मप्रांताचं म्हणणं आहे. मी सोडणार नाही. पण जमीन तुमची आहे. पाऊस सुरू झाला की खांब वर नेता येणार नाही. हो किंवा नाही, तुमच्या हाताने लिहून, ट्रकवाल्याकडे द्या. पंधरा नोव्हेंबरपर्यंत मला उत्तर हवं आहे.

तुमचीच,
हिलारिया