नमुना सभासद

३ नोव्हेंबर, सोमवार

पुस्तक छापून आलं! गावोगावच्या ग्रंथपालांना कॉम्प्युटर शिकवणारं, आमच्या प्रकाशनाचं पहिलंवहिलं. प्रकाशन म्हणजे काय, तर हिंगोलीतली एक खोली, मी आणि माझा भाचा अद्वैत. मी जुनी ग्रंथपाल; लायब्ररी मला कळते, कॉम्प्युटर त्याला.

पण त्याला पुण्याची नोकरी लागली आहे. एक तारखेला हजर व्हायचंय. "जा रे, खुशाल जा" असं तोंडाने म्हणते. तो गेला की खोलीला कुलूपच. दुसऱ्या पुस्तकाचं नाव काढायला नको! फार वाईट वाटतं.

९ नोव्हेंबर

जवळा बाजारच्या लायब्ररीतून रूपाबाईंचा फोन. "सुधाताई, चवथा धडा झाला! मेसेज गेला बगा!" चौथा धडा म्हणजे पुस्तक परत न करणाऱ्या सभासदाला मोबाईलवर आठवण पाठवणं. दिवसभर मी हवेत!

१४ नोव्हेंबर

कुरुंद्याहून एक मुलगी येऊन थडकली. प्रतीक्षा. नाकाचा शेंडा लाल. "औंढा, सेनगाव, जवळा — सगळ्या लायब्रऱ्या मला पुस्तक वापस मागून राहिल्या! मी कुठंच मेंबर न्हाई. काहून तकलीफ देता, म्याडम?"

चौथा धडा उघडला. नमुना म्हणून दिलेल्या सभासदाचा नंबर — तिचाच! आणि आम्ही ग्रंथपाल कसले? छापलंय त्याबरहुकूम करणारे. सगळ्यांनी तोच नंबर जसाच्या तसा टाकला.

अद्वैत कॉम्प्युटरमागे दडला होता. "दुसरा कुठला नंबर पाठच नव्हता, आत्या." कॉलेजात दोघं एका वर्गात होते म्हणे. आजकाल लोकांना स्वतःचा नंबर पाठ नसतो! भांडायला आलेली प्रतीक्षा चहा पिऊन गेली. मला हसू आवरेना.

१७ नोव्हेंबर

तो नंबर काढून टाका, असं सांगायला रूपाबाईंना फोन केला. तर म्हणतात, "ऱ्हाऊ द्या की! अडलं की आमी तिलाच इचारतो. लई बराबर समजावते पोरगी."

आधी भांडायला तिनेच फोन केला होता. मग मेसेज बंद कसे करायचे ते स्वतःच शोधून यांना शिकवलं. आता औंढ्याचेही तिलाच विचारतात!

२२ नोव्हेंबर

अद्वैतला घेऊन कुरुंद्याला गेले आणि तिला सरळच विचारलं — येतेस आमच्याकडे कामाला? अद्वैत लगेच म्हणतो, "ही येणार असेल तर मी पुण्याला नाही जात." मी मनातल्या मनात मांडे खाल्ले. दोघंही माझ्याकडे!

"विचार करून सांगते," म्हणाली. तिचा होकार येईपर्यंत मला चैन पडायचं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

प्रतीक्षाचा फोन. येते म्हणाली! अट एकच — अद्वैतने पुण्याला जायचं. "आमी दोघं एका खोलीत बसलो, तर तुमचं दुसरं पुस्तक निघंल व्हय, आत्या?"

आत्या म्हणाली मला! माळ्यावरून अद्वैतची बॅग काढून ठेवली.