तुझे दात का किडले नाहीत

आई, आज रविवार, १६ मे १९७६. सकाळचे साडेदहा झाले आहेत. न्याहारीची भांडी मीच घासली, पालथी घातली आणि लिहायला बसलो. काल तुझ्या सुनेची दाढ काढली. तू तिला पाहिलेलं नाहीस. तू जाऊन नऊ वर्षं झाली. तिला सहावा महिना चालू आहे.

तुला एक विचारायचं आहे, पण क्रमानं सांगतो, नाहीतर माझाच गोंधळ होतो. मी आता सरबताच्या कारखान्यात आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, बाटल्या धुवायचा हौद आणि साखरेच्या पाकाची दोन पातेली. पाक बरोबर झाला का ते माझी जीभ ठरवते. उन्हाळ्यात सोलापूरला केलं तेवढं सरबत खपतं, त्यामुळं दिवसभरात वीसेक वेळा चमचा तोंडात जातो. उरलीसुरली बाटली घरी आणतो, आम्ही दोघं पितो, आणि मग कीड लागू नये म्हणून दोघंही मिश्री लावतो.

ही मिश्री तुझ्याकडूनच शिकलो. तू तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायचीस, मी शिंकत सुटायचो आणि तू म्हणायचीस, "शिंक लेका. ह्या वासानं माणूस पळतंय, तितं दातातली कीड कशाला ऱ्हाईल?" मागावरच्या सुताच्या कांड्या भरून आलीस की तू भिंतीला टेकून मिश्री घासत बसतेस, अशीच मला अजून दिसतेस. तुझ्या दातावर एकही काळा ठिपका नव्हता. ते हलायला लागले, एकेक करून गळाले, पण गळाले ते अख्खे. एक मी उन्हात धरून पाहिला होता. माझ्या मनानं तेव्हाच घेतलं की मिश्रीनं कीड मरते. म्हणून लग्नानंतर हिची दाढ ठणकायला लागली तेव्हा मी तंबाखू आणली, भाजली, फडक्यातून दोनदा चाळली आणि तिला लावायला शिकवलं. ठणका थांबला. मला फार बरं वाटलं.

काल डॉक्टरांनी तिच्यामागून माझंही तोंड पाहिलं. काय काम करता विचारलं आणि हसले. "म्हणजे तोंडातल्या जंतूंना दिवसभर जेवायला घालता. साखर मिळाली की ते आम्ल सोडतात, त्यानं दात झिजून भोक पडतं." मी मिश्रीचं विचारलं. म्हणाले, "तिनं कुठले जंतू मरतात हो? दुखणं बधिर होतं, कीड आत चालूच. वर हिरड्या सुटतात." मग मी तुझ्या दातांचं सांगितलं, अख्खे गळाले तेही. "हिरड्यांनी सोडले म्हणून गळाले. आणि किडले नाहीत, कारण तुमच्या आई गोड खात नसणार."

इथंच मी अडकलो आहे. कुणाच्या लग्नात सरबताची बाटली मिळाली की तू ती पदराखालून घरी आणायचीस आणि अख्खी मला द्यायचीस. घोटभर घे म्हटलं तर म्हणायचीस, "मला न्हाय सोसत गोडमिट्ट." चहासुद्धा बिनसाखरेचा. तुला खरंच सोसत नव्हतं, की बाटली एकच असायची म्हणून? हे मी आता कुणाला विचारू?

डॉक्टर म्हणाले, पोटात बाळ आहे, तंबाखू आजपासून बंद. मग विचारलं, ही सवय कुणी लावली? मी म्हणालो, "माहेरची आहे." ती शेजारीच बसली होती, दाताखाली कापूस धरून. बाहेर टांग्यात बसल्यावर तिनं कापूस काढला. "माज्या आईनं कदी तंबाकूला हात लावला न्हाय. तुमच्या आईचं नाव सांगून तुमीच दिली की. आता सोडायची तर तुमी पन सोडा, मंग मला सांगा." मी टांगेवाल्याला निघायला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

आज सकाळपासून तिचं डोकं ठणकतंय, पण मिश्रीला तिनं हात लावलेला नाही. मी लावली. परसात, पाठ फिरवून.

आत ती भाकरी थापते आहे. तिला जे सांगायचं ते मी तुला लिहीत बसलोय, आणि तुला तर हे पोचायचंही नाही. कागद घडी करून ठेवतो. डॉक्टरांपुढं खोटं बोललो, एवढं आत जाऊन तिला सांगतो. परसातलं आज सांगणं जमेल असं वाटत नाही.