बोधचिन्हातली तूर

प्रिय सोनकांबळे सर,

तुम्ही गेल्याला महिना झाला. शोकसभेत बोलायला मला कुणी बोलावलं नाही. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला कशाला बोलावतील? पण आज तुमच्या शाळेची ऑर्डर आमच्या फ्लेक्सच्या दुकानात आली, म्हणून लिहायलोय. गेटवरचा नवा बोर्ड. वर तुम्ही काढलेलं बोधचिन्ह, आणि सोबत चिठ्ठी: 'शेंगा काढून ऑलिव्हची फळं टाकणे.'

लातूरच्या शाळेला ऑलिव्ह! इथं कुणी ते झाड पाहिलंय, सर?

आम्ही आठवीत असताना चित्रकलेचे सर म्हणून शाळेनं तुम्हाला बोधचिन्ह काढायला सांगितलं. तुरीची फांदी मीच आणली होती, मुरुडच्या आमच्या शेतातून, एसटीत मांडीवर धरून. तुम्ही क्रूस, दिवा, उघडं पुस्तक काढलं आणि भोवती तूर वळवली. तेव्हाच्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, "हे काय सर, डाळ?"

तुम्ही फांदीच पुढं धरलीत. "एका देठाला तीन पानं, सिस्टर. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आणि शेंग आधी वाळते, मग लोकांचं पोट भरते." सिस्टरनी तिथंच चित्राखाली सही केली.

मग नवे फादर आले. रोज वरणभात ओरपणारा माणूस, त्याला तूर ओळखू येईना. शाळेच्या डायरीत छापलं, 'ऑलिव्हची फांदी, शांतीचं प्रतीक.' पोरं प्रार्थनेच्या वेळी ते पाठ म्हणू लागली. ऑलिव्हला शेंगा कधीपासून लागायल्या, हे एकाही बीएडवाल्यानं विचारलं नाही. नुसत्या पदव्या घेऊन बसलेत.

आणि तुम्ही? मी तावातावानं आलो तर म्हणालात, "असू दे रे. नाव त्यांचं, शेंगा आपल्या." तेव्हा तुमचाही राग आला होता, आजही आहे. तुम्ही गप्प बसलात, म्हणून तर आता शेंगाही चालल्या.

आमच्या वर्गातली स्नेहल आता तिथंच शिकवते. तीच, जिच्यामागं मी नांदेडला ॲडमिशन घेतलं आणि तिनं नाही म्हटल्यावर दुसऱ्या वर्षातच परत आलो. आठवीत मी फांदी आणली त्या दिवशी ती सुकू नये म्हणून स्नेहलनंच आपला रुमाल ओला करून देठाला गुंडाळला होता. आजची चिठ्ठी तिच्याच अक्षरात आहे, सर. 'ऑलिव्ह' कसं सुबक लिहिलंय.

फोन केला तर म्हणते, "वरून सांगितलंय. तू उगं तमाशा करू नको." तमाशा मी करतो म्हणे. आणि एवढं ऐकूनही तिचा आवाज अजून ऐकावा म्हणून मी फोन ठेवला नाही. थू माझ्यावर.

उद्या ती प्रूफ बघायला येणार. मालकांनी बजावलंय, "गिऱ्हाईक म्हणंल तसं कर, न्हाईतर घरी बस."

शब्द देतो सर, प्रूफवर शेंगाच असतील, आत दाणे दिसतील अशा फुगलेल्या. ती 'काढ' म्हणाली, तर माउस तिच्या पुढ्यात ठेवीन. ज्या हातानं रुमाल भिजवला, त्याच हातानं तिनं त्या पुसाव्या. माझ्या हातून तुमची तूर पुसली जाणार नाही. मग नोकरी जावो, नाहीतर स्नेहल कायमची तुटो.

तुमचा,
फांदी आणणारा विशाल